कुस्ती बघवत नाही आणि भावाला सांगवत नाही

निपाणीजवळच्या एका गावातून हे पत्र आलंय. लिहिणारे ३९ वर्षांचे आहेत. रोज कोगनोळीचा नाका ओलांडून कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. घरी आईवडील, बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा. शाळेत असल्यापासून त्यांना टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीचं, डब्ल्यूडब्ल्यूएफचं, म्हणजे नंतरच्या डब्ल्यूडब्ल्यूईचं वेड. ते लावलं थोरल्या चुलतभावानं. गावात ज्या एका घरी केबल होती तिथं दहा-बारा पोरं जमायची. पुढं भाऊ पुण्याला गेला, बाकीचे पांगले. तरी व्हॉट्सॲपवर ग्रुप राहिला आणि वर्षातून एकदा, रेसलमेनिया या तिथल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाला, सगळ्यांनी गावात जमायचं हा रिवाजही राहिला. गेली काही वर्षं मात्र यांचं मन लागत नाही. "चालू करतो, खरं दहा मिनिटांत मी दुसरंच काहीतरी बघायलोय हे माझं मलाच कळतं," असं ते लिहितात. गेल्या डिसेंबरात जॉन सीनाची शेवटची कुस्ती झाली. ग्रुपवर सगळे हळहळले. यांनीही रडके चेहरे टाकले, पण कुस्ती बघितलीच नव्हती. मुलगा विचारतो, "पप्पा, हे सगळं खोटं असतंय नव्हे?" वडील तालमीत वाढलेले, ते पहिल्यापासून याला नुरा कुस्ती, म्हणजे आतून ठरवून केलेली कुस्ती, म्हणत आलेत. आणि आता भाऊ रेसलमेनियासाठी रजा टाकायच्या तयारीत आहे. पत्राच्या शेवटी त्यांचे प्रश्न असे: हे वयामुळं होतंय का? की इतकी वर्षं खोट्याच्या मागं लागलो हे आता उमगलंय? आणि भावाला सांगू कसं?

निपाणीकर (सही नाही, म्हणून हे नाव मीच ठेवते),

पत्राच्या पहिल्याच ओळीत तुम्ही "ताई, हसू नका" असं लिहिलंय. हसले नाही. या सदराकडं वाटणीची, सोयरिकीची, नोकरीची पत्रं येतात आणि त्यातल्या बऱ्याच पत्रांत पेच हाच असतो. एखादी गोष्ट मनातून उतरलेली असते, पण तिच्याभोवती जमलेली माणसं उतरलेली नसतात. सोडावी तर माणसं दुखावणार, धरून ठेवावी तर आपलं आपल्यालाच ढोंग वाटणार.

या कुस्तीतलं मला जे काही कळतं ते घरात वाढलेल्या दोन भाच्यांमुळं. अंडरटेकर हा पैलवान यायची घंटा वाजली की जेवणाची ताटं तशीच राहायची. स्टोन कोल्ड कोण, रॉक कोण, मॅनकाइंड तोंडाला कातडं बांधून का फिरतो, हे सगळं मला इच्छा नसताना पाठ झालं. तेव्हा ही बाई लांबूनच सल्ला देतेय असं समजू नका.

आधी खऱ्या-खोट्याचं बघू, कारण तुमच्या मनावर सगळ्यात जास्त भार त्याचाच दिसतो. तुम्ही म्हणता, खोट्याच्या मागं लागलो. पण तुमच्याच पत्रात पुढं असं आहे की आठवीत असताना भावानं तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, निकाल आधीच ठरलेला असतो. म्हणजे ही गोष्ट तुम्हाला पंचवीसेक वर्षं माहीत आहे, आणि ती माहीत असूनही पुढची कितीतरी वर्षं तुम्ही जीव टाकून बघत होता. जे ठाऊक असताना वेड टिकलं, तेच आता वेड जाण्याचं कारण कसं होईल?

ही कुस्ती चालवणाऱ्या कंपनीनंही हे झाकून ठेवलेलं नाही. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढं तिनं स्वतःच कबूल केलं की आमचं काम करमणुकीचं आहे, ही खरी स्पर्धा नव्हे. खेळांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचे नियम आणि कर टाळायचे होते, म्हणून ही कबुली. प्रामाणिकपणाचा झटका वगैरे काही आला नव्हता. पण सांगितलं. आपल्याकडच्या मैदानात दोन पैलवान आतून ठरवून लढले तर लोक हुर्यो करतात, आणि ते बरोबरच आहे, कारण इनाम खऱ्या कुस्तीला लावलेलं असतं आणि माणसं ती बघायला लांबून आलेली असतात. टीव्हीवरच्या या कुस्तीत तशी फसवणूक नाही. आपल्याला काय बघायला मिळणार हे बघणाऱ्याला ठाऊक असतं.

शिवाय अंग आपटतं ते खरंच आपटतं. २८ जून १९९८ ची ती पिंजऱ्यातली कुस्ती तुम्हाला आठवत असणारच. मिक फोली, म्हणजे तोच मॅनकाइंड, पिंजऱ्याच्या छतावरून थेट खाली समालोचकांच्या टेबलावर पडला. त्यानंतर उठून परत वर चढला आणि या वेळी जाळीच तुटून आत रिंगमध्ये कोसळला. जाळी तुटणं कुणाच्या हिशेबात नव्हतं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ओवेन हार्ट या पैलवानाला सभागृहाच्या छतापासून खाली रिंगमध्ये सोडण्यात येणार होतं. तो वरून पडला आणि गेला. कार्यक्रम मात्र पुढं चालूच राहिला, ती गोष्ट मला अजून पटलेली नाही.

वयाचं म्हणाल तर ३९ हे काही कुस्ती सुटायचं वय नव्हे. तुमचा भाऊ तुमच्याहून थोरला आहे आणि तो रजा टाकून येतोय. पुढं जाऊ.

मग गेलं काय? तुमच्या पत्रातली एक ओळ मी परत परत वाचली: "शेवटचा पोटात खड्डा पडला तो अंडरटेकर हरला तेव्हा." ही गोष्ट २०१४ च्या एप्रिलमधली. अंडरटेकरनं रेसलमेनियातली पहिली कुस्ती १९९१ मध्ये जिंकली आणि २०१३ पर्यंत तिथं त्याची पाठ एकदाही लागली नाही. सलग २१ विजय. बाविसाव्या कुस्तीत ब्रॉक लेसनरनं त्याला पाडलं. पंचानं तीन मोजले आणि न्यू ऑर्लीन्सचं ते भरलेलं स्टेडियम गप्प झालं. निकाल तेव्हाही ठरलेलाच होता आणि ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरीही धक्का बसला. कारण ते २१ विजय एका दिवसात उभे राहिलेले नव्हते, आणि त्यातल्या शेवटच्या चौदा-पंधरा वर्षांचे साक्षीदार तुम्ही स्वतः होता.

मातीतल्या काटा, म्हणजे खऱ्या चुरशीच्या, कुस्तीला अशी साठवण लागत नाही. तुम्ही एखाद्या यात्रेत सहज जाऊन उभे राहिलात, दोन्ही पैलवानांची नावं माहीत नाहीत, कुठल्या तालमीचे तेही माहीत नाही, तरी ढाक हा डाव लागतो, पाठ टेकते आणि अंगावर काटा येतो. पुढच्या क्षणी काय होणार हे लढणाऱ्या दोघांनाही ठाऊक नसतं, त्यातच सगळं आलं. ठरलेल्या कुस्तीला हा आधार नाही. तिच्या वीस मिनिटांच्या मागं सहा-आठ महिन्यांचं भांडण असतं, विश्वासघात असतो, दुखापत होऊन गायब झालेला कुणीतरी अवचित परत आलेला असतो. ते सगळं आठवड्यामागून आठवडा बघितलेलं असेल तरच ती वीस मिनिटं चढतात. भिशीसारखंच आहे हे: हप्ते भरलेले असतील तर नंबर लागल्यावर रक्कम हातात पडते. तुम्ही कित्येक वर्षं हप्ते भरलेले नाहीत आणि डिसेंबरात हातात काही पडलं नाही म्हणून स्वतःला दोष देत बसलात.

सीनाचंच घ्या. १३ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये गुंथर नावाच्या पैलवानानं त्याला आवळलं आणि सीनानं हातानं थोपटून हार मानली. वर्षभर त्याचा निरोपाचा दौरा बघत आलेल्या माणसाला ते फार लागलं असणार, कारण हार मानायची नाही हेच ब्रीद तो वीसेक वर्षं अंगावरच्या कपड्यांवर मिरवत होता. ज्यानं ते वर्ष बघितलंच नाही त्याच्यासाठी तो ४८ वर्षांचा एक माणूस, हरला. तुम्ही कुस्ती लावली असती तरी तुम्हाला रडू आलं नसतं, आणि त्यात तुमच्या मनात काही बिघाड आहे असं नाही.

हप्ते का थांबले, तेही बघण्यासारखं आहे. 'रॉ' हा त्यांचा दर आठवड्याचा कार्यक्रम, १९९३ मध्ये सुरू झाला तेव्हा तासाभराचा होता. पुढं दोन तासांचा झाला, २०१२ च्या जुलैत तीन तासांचा. त्यात 'स्मॅकडाउन' आलं, 'एनएक्सटी' आलं, आणि २०२० पासून रेसलमेनियासुद्धा दोन रात्रींचा झाला. सगळं बघायचं म्हटलं तर आठवड्याला सहा-सात तास जातात. शिफ्ट करून, मुलाचा अभ्यास घेऊन, म्हातारपणी गुडघ्यानं बेजार झालेल्या वडिलांना दवाखान्यात नेऊन एवढे तास आणायचे कुठून? लहानपणी वार ठरलेला होता, वेळ ठरलेली होती, लाइट असली तर दिसणार आणि चुकलं तर चुकलं. आता १ एप्रिल २०२५ पासून भारतात सगळं नेटफ्लिक्सवर आहे, कधीही बघा. कधीही बघता येतं म्हणून ते उद्यावर जातं. आणि 'रॉ' जेव्हा थेट लागतं तेव्हा आपल्याकडं मंगळवारची पहाट असते आणि तुम्ही नाक्याच्या रस्त्यावर असता.

याहून मोठी गोष्ट मला वाटते ती गर्दीची. केबलवाल्या घरातली ती दहा-बारा पोरं तुम्ही किती रंगून लिहिलीत! प्रत्येकाचा आपापला पैलवान, ट्रम्प कार्डांवरची, म्हणजे पैलवानांच्या पत्त्यांवरची, उंची, वजन, छाती, दंड सगळ्यांना पाठ, आणि दुसऱ्या दिवशी उसाच्या पाचटावर एकमेकांना उचलून आपटणं. तुमचा तो कन्नड घरातला मित्र केनच्या बाजूचा, तुम्ही अंडरटेकरच्या. इंग्रजी समालोचन दोघांनाही धड कळत नव्हतं, भांडण मात्र दोन्ही भाषा मिसळून तासभर चालायचं. (सीमाभागात मोठी माणसं ज्यावरून भांडतात त्यापेक्षा ते भांडण कितीतरी बरं.) २००६ मध्ये आपला दलिपसिंग राणा, म्हणजे खली, अंडरटेकरसमोर उभा राहिला तेव्हा तुमच्यात म्हणे उभी फूट पडली होती: देश की अंडरटेकर?

या कुस्तीत बघणाऱ्यांचा आरडाओरडा हा अर्धा खेळ असतो. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनामुळं रेसलमेनिया प्रेक्षकांशिवाय घ्यावा लागला तेव्हा ते उघड दिसलं. डाव होते, संगीत होतं, दिवे होते, आणि तरी सगळं ओकंबोकं. आता तुम्ही कसं बघता ते आठवा: रात्री साडेदहानंतर, बायको-मुलगा झोपल्यावर, कानात हेडफोन घालून, हाताएवढ्या पडद्यावर. तुमचा रेसलमेनिया गेली कित्येक वर्षं रिकाम्या जागेतच चाललाय.

म्हणून मला वाटतं, या कुस्तीची तुमची आवड ही पहिल्यापासून चारचौघांत बसून बघायची आवड होती. एकट्यानं बघायची वेळ अलीकडं आली, आणि एकट्याला ती गोड लागत नाही एवढंच कळलं. माझा अंदाज चुकीचाही असू शकेल. तपासून बघायचं असेल तर तो केनवाला मित्र गावातच आहे असं तुम्ही लिहिलंय. एका रविवारी त्याला घरी बोलवा, फोन बाजूला ठेवून टीव्हीवर एकच कुस्ती लावा. ती कशावरून जुंपलीय ते आदल्या दोन-तीन दिवसांत थोडं बघून ठेवा, कंपनी स्वतःच दहा-पंधरा मिनिटांत मागची गोष्ट सांगणारे तुकडे टाकत असते. तुम्ही दोघं भांडायला लागलात तर उत्तर मिळालं. दोघंही मुलांच्या फीबद्दल बोलत बसलात आणि पडद्याकडं लक्षच गेलं नाही, तर तेही उत्तरच आहे.

पहिलं उत्तर आलं तर वर्षातले चार-पाच मोठे कार्यक्रम ठरवा, कुणाबरोबर तरी बघा आणि आठवड्याचं बघणं सोडून द्या. सगळ्या जोड्यांचा पाठपुरावा करायची गरज नाही. एकच भांडण धरा, बाकीचे निकाल वाचले तरी भागतं. निकाल वाचून कुस्ती बघणारा कमअस्सल चाहता, असली तुमच्या ग्रुपवरची वर्गवारी मनावर घेऊ नका.

दुसरं उत्तर आलं तर थांबा. त्या कंपनीचं तुम्ही काही देणं लागत नाही. ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंद असलेल्या एका मोठ्या समूहाचा भाग आहे, निपाणीकडच्या एका माणसानं पाठ फिरवली तर तिला खबरही लागणार नाही. थांबताना गाजावाजा करू नका. ग्रुपवर लांबलचक निरोप लिहू नका, ग्रुप सोडूही नका, आवाज बंद करून ठेवा. आणि "यापुढं कधीच बघणार नाही" असा नेम तर मुळीच नको. एखाद्या रात्री चुकून बघितलंत तर नेम मोडल्याचं ओझं वेगळं.

तुमच्या वयाचे बरेच जण आणखी एक वाट धरतात, जुन्या कुस्त्या शोधून बघायची. एखादी बघा, मजा येईल. पण त्या काळात जाऊन मुक्कामच करायचा बेत असेल तर माझा त्यावर भरवसा नाही. १९९८-९९ च्या त्या भागांत बायकांना ज्या तऱ्हेनं दाखवलंय ते मुलाच्या शेजारी बसून तुम्हाला बघवणार नाही. डोक्यात बसणाऱ्या लोखंडी खुर्च्या तेव्हा टाळ्या वाजवून बघितल्या होत्या. पुढं काय झालं ते आता माहीत आहे. २००७ मध्ये क्रिस बेन्वा या पैलवानानं बायकोला आणि लहान मुलाला मारून स्वतःला संपवलं, आणि नंतर तपासणीत त्याच्या मेंदूला वर्षानुवर्षांच्या मारानं झालेली इजा दिसली. कंपनीनं डोक्यावर खुर्ची मारणं बंद केलं ते २०१० मध्ये. बाराव्या वर्षी जे बघितलं ते ३९ व्या वर्षी त्याच डोळ्यांनी दिसत नाही.

एक गोष्ट मात्र विचारून ठेवते, तुमच्यासाठी आणि अशाच मनःस्थितीत हे वाचणाऱ्या इतरांसाठीही. बेचव फक्त कुस्तीच झालीय, की जेवण, सणवार, मित्र, मुलाशी खेळणं हेही नकोसं झालंय? झोप मोडते का? पहाटे उठल्यापासून अंगात जीव नसल्यासारखं वाटतं का? असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर हा प्रश्न कुस्तीचा नाही आणि माझ्या सदराचाही नाही. डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर बोला. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही. मुलाच्या गणिताबद्दल आणि वडिलांच्या गुडघ्याबद्दल तुम्ही ज्या मायेनं लिहिलंय, त्यावरून तरी नाही.

मुलाच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्या: कोण जिंकणार हे ठरलेलं असतं, पडणं मात्र खरं असतं, म्हणून गादीवरसुद्धा करून बघायचं नाही. एवढं त्याला पुरे. त्याला आवडलं तर बघू दे. नाही आवडलं तर तुमच्या आठवणी त्याच्या गळ्यात घालू नका. ट्रम्प कार्डांचा तो डबा त्याला द्यायचाय म्हणता, द्या, पण सोबत भाषण नको. तो त्यांचे बंगले बांधेल. बांधू दे.

आता वडील. पुष्कळ लोक तुम्हाला सांगतील की सोड ते अमेरिकेचं आणि आपल्या मातीतली कुस्ती बघ. मी तसं सांगणार नाही. एकाची रिकामी जागा भरायला दुसरी कुस्ती आणली की तीही तुम्ही अर्ध्या मनानंच बघाल, आणि वडिलांच्या ते लगेच लक्षात येईल. त्यांच्याशी वाद घालायचाच असेल तर दारासिंगांचं नाव हाताशी ठेवा. किंगकाँग नावाच्या पैलवानाबरोबरच्या त्यांच्या फ्रीस्टाइल लढती तालमीतल्या कुस्तीपेक्षा या टीव्हीवरच्या कुस्तीच्याच कुळातल्या होत्या, आणि डब्ल्यूडब्ल्यूईनं २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर आपल्या मानाच्या यादीत घेतलं. दारासिंगांना खोटं म्हणायला वडिलांची जीभ रेटणार नाही. पण माझं ऐकाल तर वाद राहू दे. तुम्ही ओझरतं लिहून गेलात की गुडघ्यामुळं ते आता एकटे मैदानाला जात नाहीत. ज्यांच्या गोष्टी ते सांगतात ते श्रीपती खंचनाळे, १९५९ चे पहिले हिंदकेसरी, तुमच्या शेजारच्या चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. तेव्हा येळ्ळूरच्या यात्रेतलं मैदान असो, नाहीतर कोल्हापूरचं खासबाग, एकदा गाडी करून त्यांना घेऊन जा आणि बसायला जागा नीट बघून द्या. तुम्हाला तिथं कंटाळा आला तरी काही बिघडत नाही, तुम्ही त्यांच्यासाठी गेलेले असाल.

राहिला भाऊ. तुम्ही धरून चाललाय की तो कुस्तीसाठी येतोय, आणि तुमचं मन नाही हे कळलं तर त्याचं येणंच फुकट जाईल. जरा विचार करा. पुण्यात त्याच्या घरी टीव्ही आहे, नेटफ्लिक्स आहे, सोफा आहे. तीच कुस्ती, तीच पहाट. तरीही तो रजा टाकून, एवढा प्रवास करून गावाला येतो. कशासाठी येत असेल? कदाचित त्याचंही मन तुमच्यासारखंच उडालेलं असेल आणि तुमचा हिरमोड नको म्हणून तो दरवर्षी येत असेल. दोघंही एकमेकांसाठी रेटत राहिलेत आणि कुणीच बोलत नाही, अशी घरं मी बघितलीत.

सांगायचं ते ग्रुपवर नाही, फोनवर सांगा. चार वाक्यांच्या वर जाऊ नका. "दादा, मला आता पहिल्यासारखं बघवत नाही बघ. का ते मलाही नीट कळंना. खरं तू ये, जमायचं मोडायचं नाही. यंदा जेवणाचं मी बघतो, तुम्ही कुस्ती बघा." असं काहीतरी, तुमच्या शब्दांत. "आता त्यात काही दम राहिला नाही" हे मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. तुमचं मन उडालं ही तुमची गोष्ट झाली, त्याच्या आवडीला नावं ठेवणं ही दुसरी. सीनाच्या वेळच्या त्या रडक्या चेहऱ्यांची कबुली आपणहून द्यायचं काही कारण नाही. त्यानं विचारलंच तर सांगून टाका, हसेल तो.

जेवणाचं म्हणते ते केवळ टाळायची युक्ती म्हणून नाही. पहाटे बसायचं, तेही दोन दिवस, म्हणजे चहा, नाश्ता, दुपारचा रस्सा, अंथरुणं, सगळं कुणीतरी बघावंच लागतं. आजवर ते तुमच्या बायकोनं आणि आईनं बघितलं असणार, पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. यंदा ते तुम्ही करा. माणसांतही राहाल, आणि पडद्याकडं बघून खोटी आरोळी ठोकायची वेळ येणार नाही. एखादी कुस्ती रंगली तर हातातलं भांडं ठेवून दारात उभं राहून बघा, कुणी अडवणार नाही.

तो नाराज झाला तर होऊ दे, चार दिवसांनी दुसऱ्या कुठल्यातरी कामानं परत फोन करा. फक्त पहिला फोन याच आठवड्यात करा. रजेचा अर्ज आणि गाडीचं आरक्षण झाल्यावर, ऐन आदल्या रात्री हे सांगितलंत, तर रागवायचा त्याला पुरता हक्क आहे आणि तेव्हा मी त्याच्या बाजूची असेन.